जुन्यातले की नव्यातले

नुआकशोतमध्ये भाव विचारला
की पुढचा प्रश्न तयार ठेवावा लागतो:
जुन्यातला की नव्यातला?
सरकारनं पैशातलं एक शून्य काढलं, त्याला झाली काही वर्षं.
नोटांवरून गेलं ते. जिभेवरून नाही.
पाव दहा उगियांचा, आम्ही म्हणतो शंभर.
मासेवाला देम्बा घाईत असला
तर भाव जुन्यात सांगतो, सुट्टे नव्यात देतो,
आणि त्याचं आजवर चुकलेलं नाही.
चुकलंच तर त्याच्या बाजूनं चुकतं,
असं माझी बायको म्हणते.

परवा सिदातीच्या दुकानात
अर्धा पेला साखरेसाठी उभा होतो.
बाहेर वाळूचा वारा, दाराला गोणपाट.
सिदाती गेलाय डाकारला, डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी.
गल्ल्यावर भाचा, लिमाम,
ट्युनिसहून हिशेबाचं शिकून आलेला,
कानामागं पेन
आणि पुढ्यात मामाची उधारीची वही.

उम्मलखैरीनं मलहफ्याच्या टोकाची गाठ
दातांनी सोडली.
शंभराच्या चार नोटा ठेवल्या,
प्लास्टिकच्या, कधीतरी धुण्यात गेलेल्या,
अजून साबणाचा वास येत होता त्यांना.
"घे. फिटलं माझं."
"मावशी, बाकी चार हजार आहे."
"मग? चार हजारच ठेवलेत."
"हे चारशे आहेत."
"चार हजार आहेत."

दोघंही खरं बोलत होती.
सिदातीनं वहीत नुसते आकडे लिहिले,
कुठल्या पैशातले ते लिहिलं नाही.
त्याला माणसं माहीत होती,
त्यामुळे गरजच पडली नाही.

लिमाम चिडला नाही.
शिकलेली मुलं चिडत नाहीत, समजावून सांगतात.
तिनं सगळं ऐकून घेतलं,
मग तांदळाच्या पोत्यावर बसली.
"माझी आई फ्रँकांत मोजायची.
पाच फ्रँकांचा एक उगिया झाला
तेव्हा आठवडाभर झोपली नाही ती,
उरलेले चार कुणी नेले म्हणून.
मला आकडे नको सांगू. पावांत सांग."

"पावांत?"
"तुझ्या चार हजारांचे किती पाव?"
त्यानं बटणं दाबली.
"चारशे."
"ईदपासून आतापर्यंत चारशे पाव.
एकटीनं. या तीन दातांनी."

गाढवगाडीवाला पाणक्या आधी हसला,
मग मी.
लिमाम कानापर्यंत लाल झाला,
पण मुलगा सरळ. त्यानं पेन काढलं,
तिच्या आकड्यातलं एक शून्य खोडलं, पान फाडून दिलं,
आणि मग,
कामाला लागलाच आहोत तर पुरं करावं म्हणून,
वहीची पानं एकेक उलटत
प्रत्येक बाकीचं एक शून्य खोडत सुटला.

माझं पान आलं.
सातशे.
ते नव्यातले होते.
धाकटीच्या शाळेच्या बुटांचे,
सिदातीनं माझ्यादेखत लिहिलेले,
आणि लिहिताना तो म्हणाला होता, "सावकाश दे."
लिमामच्या पेनाची रेघ बारीक, सुबक.
सत्तर.

मी काही बोललो नाही.
वाऱ्यानं गोणपाट दोनदा आपटलं.
सुट्ट्यात एक खूम्स आला,
उगियाचा पाचवा हिस्सा,
ज्याचं आता काहीच येत नाही,
आणि तो मी कधी नव्हे ते नीट खिशात ठेवला.

उम्मलखैरी दाराशी थांबली होती.
"तुझे किती निघाले?"
"सत्तर."
"हं," म्हणाली,
आणि मलहफा नाकावर ओढून वाळूत गेली.

रात्री चहाच्या तिसऱ्या पेल्याला
बायको म्हणाली, साखर कमी पडली.
धाकटी नवे बूट उशाशी घेऊन झोपलेली.
सिदाती गुरुवारी येतोय.
एका डोळ्याची पट्टी म्हणे निघालीय.